दुखणंही नको, उलटीही नको

शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? आपण पटकन ‘दुखण्याची’ असं उत्तर देऊन मोकळे होऊ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न थेट रुग्णांनाच विचारला. भुलीतून बाहेर येताना जे जे त्रास होऊ शकतात, त्यांची यादी त्यांनी रुग्णांपुढे ठेवली. जखमेचं दुखणं, मळमळ, उलटी, घशात नळी असताना येणारे उमासे, थंडी भरून येणारं कापरं, घसा दुखणं, ग्लानी असे दहा पर्याय त्यात होते. सगळ्यात नकोसं काय, ते क्रमाने लावायचं होतं. शिवाय हातात १०० डॉलर आहेत असं धरून, कोणता त्रास टाळायला किती पैसे घालाल, तेही सांगायचं होतं. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या क्रमांकावर उलटी होती. जखमेचं दुखणं तिसऱ्या क्रमांकावर होतं.

ज्याने पोटावर ताजे टाके असताना ओकारी सोसली आहे, त्याला या निकालाचं आश्चर्य वाटणार नाही. उलटीच्या वेळी पोटाचे स्नायू सगळी ताकद लावून आक्रसतात आणि तो ताण थेट जखमेवर येतो. टाक्यांवर ओढ बसते, रक्तस्राव वाढू शकतो. डोळ्याच्या किंवा मानेच्या शस्त्रक्रियेनंतर तर एक जोरदार उमासाही महागात पडतो. रुग्ण अर्धवट ग्लानीत असेल तर उलटी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. पाणी आणि क्षार कमी होतात, तोंडावाटे औषध पोटात टिकत नाही, सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणार असलेल्या रुग्णाला मुक्काम करावा लागतो.

प्रतिबंधाचं कोणतंही औषध दिलं नाही, तर पूर्ण भुलीनंतर १०० पैकी साधारण ३० जणांना मळमळ किंवा उलटीचा त्रास होतो. ज्यांच्यात जोखमीच्या सगळ्या गोष्टी एकत्र येतात, त्यांच्यात हा आकडा ७० ते ८० पर्यंत जातो.

यातली सगळ्यात कठीण बाब अशी, की वेदना थांबवणारी सर्वांत प्रभावी औषधंच बऱ्याचदा मळमळ निर्माण करतात. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय औषधं घेतली तर पोटात ढवळतं, नाही घेतली तर जखम ठणकते. मग रुग्ण स्वतःच सिस्टरना सांगतो, ‘ते दुखण्याचं इंजेक्शन नको, त्याने कसंतरीच होतं.’ तो दात आवळून पडून राहतो. खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही, उठून चालत नाही. त्यातून छातीत कफ साठणं, पायात रक्ताची गुठळी होणं असे पुढचे धोके येतात. दुखणं आणि उलटी यांतलं एक निवडण्याची वेळ रुग्णावर येता कामा नये. ती टाळण्याचं ज्ञान आणि साधनं आज उपलब्ध आहेत, त्यातली बहुतेक स्वस्त आहेत. ती कशी काम करतात, ते या प्रकरणात पाहू.

उलटीचा हुकूम कुठून सुटतो

उलटी पोटातून बाहेर पडते, पण तिचा निर्णय मेंदूच्या मागच्या खालच्या भागात, मेंदू आणि मज्जारज्जू जिथे जोडले जातात तिथे होतो. तिथे असलेलं मज्जापेशींचं जाळं चारही बाजूंनी येणाऱ्या सूचना गोळा करतं. सूचना पुरेशा प्रबळ झाल्या की तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकत्र आकुंचन पावतात, अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतं आणि पोटातलं बाहेर येतं.

पहिली सूचना रक्तातून येते. आपला मेंदू रक्तातल्या बहुतेक रसायनांपासून सुरक्षित असतो, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यांना सहजासहजी आत सोडत नाहीत. पण ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाच्या एका चिमुकल्या भागाला हे संरक्षण नाही. रक्तात विष आलं आहे का, हे चाखून पाहणं हेच त्याचं काम. १९५०च्या दशकात बोरिसन आणि वँग या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून या भागाचं महत्त्व दाखवून दिलं. मॉर्फिन रक्तात आलं की हा भाग तेही विषच समजतो आणि धोक्याची सूचना देतो.

दुसरी सूचना आतड्यातून येते. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नसतं, ते आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींमध्ये असतं. शस्त्रक्रियेत आतड्याला धक्का लागला किंवा भुलीच्या औषधांचा परिणाम झाला, की या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाचा लांबलचक मज्जातंतू ती वार्ता मेंदूला पोचवतो. अफूवर्गीय औषधांनी जठर आणि आतडी मंदावतात, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, ती भर वेगळीच.

तिसरी सूचना कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येते. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना या यंत्रणेची ओळख करून द्यायला नको. अफूवर्गीय औषधांमुळे ही यंत्रणा जास्त हळवी होते. म्हणून स्वस्थ पडलेल्या रुग्णाला बरं वाटत असतं आणि स्ट्रेचर वळवलं, पलंग हलवला किंवा तो एकदम उठून बसला की मळमळ उसळते. मॉर्फिनचा तोच डोस घेतलेल्यांत पडून राहिलेल्यांपेक्षा हिंडत्या-फिरत्या माणसांना मळमळ कितीतरी जास्त होते, असं औषधशास्त्राची पाठ्यपुस्तकं नोंदवतात.

चौथी सूचना मेंदूच्या वरच्या भागातून, म्हणजे भीती, वास, दृश्य आणि आठवणींतून येते. मागच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या उलट्या आठवूनच काहींना कसंतरी व्हायला लागतं. वेदना स्वतःही मळमळ आणते.

या वाटांवर निरोप नेणारी रसायनं वेगवेगळी आहेत. कुठे सेरोटोनिन, कुठे डोपामिन, कुठे हिस्टामिन, कुठे ॲसिटिलकोलिन, तर कुठे ‘सब्स्टन्स पी’. उलटी थांबवणारं प्रत्येक औषध यातली एखाददुसरी वाटच अडवतं. घराच्या एका दाराला कुलूप लावून बाकीची दारं सताड उघडी ठेवली तर जे होईल, तेच एका औषधावर विसंबून राहिल्याने होतं. पुढचं सगळं शास्त्र याच मुद्द्यावर उभं आहे.

ईथरपासून प्रोपोफॉलपर्यंत

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. वेदनेवर विजय मिळाला, पण उलटी त्याच्या पाठोपाठ आली. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो, जे पुढे कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवून अमर झाले, ते भुलीच्या शास्त्राचेही आद्य अभ्यासक होते. ईथर आणि क्लोरोफॉर्मनंतर होणाऱ्या उलट्यांची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. ईथरच्या काळात बहुसंख्य रुग्णांना उलट्या होत आणि ती भुलीची अटळ किंमत समजली जाई.

पुढे ईथरची जागा नव्या वायुरूप औषधांनी घेतली आणि प्रमाण घटलं. १९८०च्या दशकात प्रोपोफॉल आलं. दुधासारखं पांढरं दिसणारं हे इंजेक्शन आज आपल्याकडेही भूल देताना सर्रास वापरलं जातं. ते झोप तर आणतंच, शिवाय उलटी कमी करण्याचा गुणही त्यात आहे. श्वासातून वायू देण्याऐवजी पूर्ण भूल प्रोपोफॉलच्या शिरेतल्या धारेवर चालवली, तर उलटीचा धोका लक्षणीय कमी होतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी ऑन्डॅन्सेट्रॉन आलं. सेरोटोनिनची वाट अडवणारं हे औषध मुळात कर्करोगाच्या केमोथेरपीतल्या भयंकर उलट्यांसाठी तयार झालं होतं. आज ते इतकं स्वस्त आणि सर्वत्र मिळणारं आहे, की तालुक्याच्या गावातल्या छोट्या रुग्णालयातही असतं.

औषधं हाती आली होती. ती कुणाला द्यायची आणि किती, हा प्रश्न उरला होता.

चार प्रश्न

फिनलंडमधलं औलू आणि जर्मनीतलं वुर्झबुर्ग या दोन शहरांतल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र ताडून पाहून, क्रिस्टियन ॲप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अत्यंत सोपं मोजमाप मांडलं. शस्त्रक्रियेआधी कुठलीही रक्ततपासणी न करता, एका मिनिटात ते काढता येतं. त्यात चारच प्रश्न आहेत.

रुग्ण स्त्री आहे का? ती व्यक्ती धूम्रपान न करणारी आहे का? पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या आहेत का, किंवा प्रवासात गाडी लागते का? शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामक द्यावं लागणार आहे का?

प्रत्येक ‘हो’ला एक गुण. शून्य गुण असतील तर धोका साधारण १० टक्के. एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८० टक्के.

हे मोजमाप आपल्या घराला लावून पाहा. आपल्याकडच्या बहुतेक स्त्रिया धूम्रपान करत नाहीत. म्हणजे गर्भपिशवीची किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया करायला आलेल्या बाईंचे दोन गुण दारातच झाले. नंतर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन मिळणार असेल तर तीन. महाबळेश्वरच्या वाटेवर त्यांना खिडकीपाशी बसावं लागत असेल तर चार. आपल्या आया-बहिणी जन्मतःच या सर्वोच्च जोखमीच्या गटाच्या उंबऱ्यावर उभ्या असतात, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावं.

धूम्रपान करणाऱ्यांना उलट्या कमी होतात, याचा कुणी भलता अर्थ काढू नये. फुप्फुसं, हृदय आणि जखम भरून येणं यांचं विडी-सिगारेटमुळे जे नुकसान होतं, त्यापुढे हा फायदा कवडीमोल आहे. शस्त्रक्रियेआधी धूम्रपान सोडलंच पाहिजे.

या चार गोष्टींखेरीज वयही महत्त्वाचं आहे. पन्नाशीच्या आतल्यांना हा त्रास जास्त होतो. दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रिया, स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रिया, लांबलेली भूल, वायुरूप औषधं आणि नायट्रस ऑक्साइड यांनीही धोका वाढतो.

चौसष्ट गटांचा प्रयोग

धोका कळला, आता उपाय कोणता चांगला? ॲप्फेल आणि युरोपातल्या २८ केंद्रांतल्या डॉक्टरांनी मिळून याचं उत्तर शोधलं. ५,००० हून अधिक रुग्ण त्यात सहभागी झाले. ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल ही उलटीविरोधी औषधं, वायूऐवजी प्रोपोफॉल, नायट्रस ऑक्साइड टाळणं आणि फेंटॅनिलऐवजी रेमिफेंटॅनिल असे सहा उपाय घेतले. प्रत्येक उपाय करायचा किंवा नाही, अशा सगळ्या जोड्या जमवल्या की ६४ गट होतात. २००४ साली आलेले निष्कर्ष आजही या विषयाचा पाया मानले जातात.

उलटीविरोधी तिन्ही औषधांची ताकद जवळपास सारखी निघाली. प्रत्येकाने धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी केला. प्रोपोफॉलने १९ टक्क्यांनी, नायट्रस ऑक्साइड टाळल्याने १२ टक्क्यांनी. रेमिफेंटॅनिलचा फायदा दिसला नाही. सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की हे उपाय एकमेकांच्या आड येत नाहीत. एक केल्यावर जो धोका उरतो, त्यातून दुसरा पुन्हा आपला वाटा कमी करतो.

याचं ढोबळ गणित असं. ८० टक्के धोका असलेल्या रुग्णाला एक औषध दिलं तर धोका ५९ वर येतो, दोन दिली तर ४४ वर, तीन दिली तर ३२ वर. सोबत प्रोपोफॉलची भूल चालवली आणि नायट्रस ऑक्साइड टाळला तर तो पाव भागाच्याही खाली जातो. पण ज्याचा मुळातला धोका १० टक्के आहे, त्याला तेच औषध दिलं तर १०० जणांमागे जेमतेम तिघांचा त्रास वाचतो. म्हणून जोखीम जितकी जास्त, तितकी प्रतिबंधाची फळी भक्कम हवी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. एखाद-दोन जोखमी असतील तर दोन प्रकारचे उपाय करावेत, त्याहून जास्त असतील तर तीन किंवा चार.

वेळेलाही महत्त्व आहे. डेक्सामेथासोन सावकाश काम सुरू करतं आणि बराच काळ टिकतं, म्हणून ते भूल चढल्यावर लगेच देतात. ऑन्डॅन्सेट्रॉन शस्त्रक्रिया संपत आली की देतात, म्हणजे जाग येताना त्याचा जोर असतो. तिन्ही औषधांना आपापल्या मर्यादा आहेत. डेक्सामेथासोनने मधुमेह्याची साखर वाढू शकते. ऑन्डॅन्सेट्रॉनने डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतो, आणि ज्यांच्या हृदयाच्या विद्युतलयीत आधीच दोष आहे त्यांच्यात जपून वापरावं लागतं. ड्रोपेरिडॉलबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली याच कारणासाठी कडक इशारा दिला होता. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या मेटोक्लोप्रमाइडने क्वचित, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, मान आणि जबडा वाकडा होण्याचा प्रकार घडतो. तो दिसायला भीतिदायक असला, तरी औषधाने लगेच उतरतो.

बटण रुग्णाच्या हातात

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या हातात एक बटण दिलं जातं. दुखायला लागलं की तो ते दाबतो आणि पंपातून ठरावीक लहानसा डोस शिरेत जातो. मॉर्फिन असेल तर सहसा एका दाबाला १ मिलिग्रॅम. त्यानंतर ५ ते १० मिनिटं पंप कुलूपबंद राहतो, कितीही वेळा दाबलं तरी औषध सुटत नाही. अमेरिकेत फिलिप सेक्झर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेवर काम सुरू केलं आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये त्याचं बाजारात येण्याजोगं यंत्र तयार झालं. सिस्टरची वाट पाहत कण्हत बसण्याच्या काळात ही केवढी मोठी सुटका होती!

पण या पंपाने वेदना चांगली आटोक्यात आली तरी मळमळ कमी झाली नाही. त्याचं कारण उघड आहे. भूल काही तासांत उतरते, पंप मात्र दोन-दोन दिवस चालतो आणि मॉर्फिन थोडं थोडं शरीरात जातच राहतं. शस्त्रक्रियेच्या शेवटी दिलेलं ऑन्डॅन्सेट्रॉन तोवर संपलेलं असतं. निरोगी प्रौढाच्या शरीरातली त्याची निम्मी मात्रा तीन-चार तासांतच निघून जाते. रात्री दोनला रुग्ण बटण दाबतो तेव्हा त्याच्या रक्तात मॉर्फिन असतं, संरक्षण नसतं. दोन-तीनदा असा अनुभव आला की तो बटण दाबणंच सोडतो. सकाळच्या फेरीत पंपाची नोंद पाहून ‘औषध फार लागलं नाही, म्हणजे दुखणं कमी आहे’ असा निष्कर्ष काढला, तर ती मोठी चूक ठरेल.

काही ठिकाणी पंपातल्या मॉर्फिनमध्येच उलटीविरोधी औषध मिसळून पाहिलं गेलं. ड्रोपेरिडॉलच्या बाबतीत त्याने मळमळ खरोखर घटली. अडचण इतकीच, की दर दाबाला दोन्ही औषधं जातात. ज्याला जास्त दुखतं त्याला मळमळीचं औषधही गरजेपेक्षा जास्त मिळतं, गुंगी वाढते, आणि दोन्ही मात्रा वेगवेगळ्या बदलता येत नाहीत. त्यापेक्षा पंप चालू असेपर्यंत उलटीविरोधी औषध ठरावीक वेळांना स्वतंत्रपणे देणं अधिक हातात राहतं. संरक्षणाची मुदत पंपाच्या मुदतीइतकी असावी, हा नियम साधा आहे आणि तोच सर्वाधिक विसरला जातो.

प्रतिबंध करूनही उलटी झालीच, तर सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा देण्यात फारसा अर्थ नसतो. ती वाट आधीच अडवलेली असते. दुसऱ्या वाटेवरचं, वेगळ्या गटातलं औषध द्यावं लागतं.

मुळावर घाव

मळमळ आणणारं औषधच कमी लागलं तर? गेल्या तीन दशकांतली सगळ्यात मोठी प्रगती याच दिशेने झाली. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात असं मांडलं, की वेदनेवर एकाच जालीम औषधाने तुटून पडण्यापेक्षा वेगवेगळ्या तऱ्हेच्या औषधांनी थोडा थोडा भार उचलावा. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखायला लागण्याची वाट न पाहता द्यायचं. मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर डायक्लोफेनॅकसारखं दाहशामक जोडीला द्यायचं. जखमेभोवती किंवा त्या भागाच्या नसेजवळ सोनोग्राफीच्या मदतीने बधिरतेचं इंजेक्शन द्यायचं. एवढं करूनही जे दुखणं उरेल, त्याच्यापुरतंच अफूवर्गीय औषध. अशाने मॉर्फिन बरंच कमी लागतं आणि मळमळही घटते. पॅरासिटामॉलबाबत तर असं दिसून आलं आहे, की ते दुखणं सुरू होण्याआधी शिरेतून दिलं तर मळमळ कमी होते, नंतर दिलं तर तो लाभ मिळत नाही.

भारतात याला आणखी एक पदर आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फिन बाळगणं लहान रुग्णालयांना अवघड झालं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तरी सवय बदलायला वेळ लागतो. त्यामुळे आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉलचा वापर फार मोठा आहे. ते उपयुक्त औषध आहे, पण मळमळ हा त्याचा ठळक दुष्परिणाम आहे. शिरेतून भराभर दिलं तर तो आणखी वाढतो. सलाईनमधून सावकाश दिलं तर बराच टळतो.

शिवाय ट्रॅमाडॉल वेदना कमी करण्यासाठी अंशतः सेरोटोनिनचाच आधार घेतं, आणि ऑन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनची वाट अडवतं. दोन्ही सोबत दिली तर ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक परिणाम घटू शकतो आणि रुग्णाला ते जास्त लागतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. आपल्या वॉर्डांतून ही जोडी रोज दिली जाते. ट्रॅमाडॉल द्यायचंच असेल तर उलटीसाठी वेगळ्या गटातलं औषध निवडण्याचा विचार प्रत्येक डॉक्टरने करायला हवा.

लहान मुलांसाठी

तीन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास कमी होतो, त्यानंतर तो वाढतो. लहान मूल मळमळतंय असं सांगू शकत नाही, म्हणून त्यांच्यात उलटीच मोजतात. वय तीन किंवा त्याहून जास्त, अर्ध्या तासाहून लांब शस्त्रक्रिया, तिरळेपणाची शस्त्रक्रिया, आणि मुलाला, आईवडिलांना किंवा भावंडांना पूर्वी असा त्रास झालेला असणं, या चार गोष्टी त्यांच्यात धोका ठरवतात. शेवटचा मुद्दा पालकांनीच सांगितला पाहिजे. आईला सिझेरियननंतर किंवा बाबांना ॲपेंडिक्सनंतर उलट्या झाल्या होत्या, हे मुलाच्या केसपेपरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करावं

उपाशी राहण्याचा नियम पाळावा, पण त्यात भर घालू नये. सर्वसाधारण रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सहा तास अन्न आणि दूध बंद असतं, साधं पाणी किंवा दूध न घातलेला चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. रात्रभर आणि वर अर्धा दिवस घसा कोरडा ठेवल्याने कुणाचंच भलं होत नाही. शरीरात पाणी पुरेसं असेल तर मळमळ कमी होते. मधुमेह, लठ्ठपणासाठीची नवी इंजेक्शनं, गरोदरपण अशा स्थितीत नियम वेगळे असू शकतात. म्हणून अंतिम शब्द भूलतज्ज्ञाचा मानावा.

शस्त्रक्रियेनंतर मान हळूहळू वळवावी. आधी उशी उंच करावी, मग बसावं, मग पाय खाली सोडावेत आणि त्यानंतर उभं राहावं. पाणी घोट-घोट द्यावं. पेशंटने काहीतरी खाल्लंच पाहिजे म्हणून घरून आणलेला शिरा आग्रहाने भरवू नये. खोलीत उग्र वासाचं अन्न उघडू नये. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मध्ये एक बिंदू आहे. चिनी वैद्यकातला हा बिंदू दाबल्याने मळमळ कमी होते का, याचे अनेक अभ्यास झाले. २०१५ साली कोक्रेन या संस्थेने त्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फायदा दिसून आला. तो करून पाहायला हरकत नाही, मात्र औषधाच्या जोडीला.

प्रत्येक उलटी औषधाचीच असते असं नाही. कमरेतून दिलेल्या भुलीनंतर एकाएकी मळमळलं तर आधी रक्तदाब पाहायला हवा, तो उतरलेला असू शकतो. घरी गेल्यावर उलट्या थांबत नसतील, पोट फुगलं असेल, वारा सरत नसेल, उलटी हिरवी किंवा रक्ताची होत असेल, ताप असेल, किंवा वेदनाशामक घेतलेला माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल आणि श्वास मंद झाला असेल, तर ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. आणि लक्षात ठेवावं, की घरी पोचल्यावरही कित्येकांना एक-दोन दिवस मळमळ होते. म्हणून सुट्टी घेतानाच, तोंडात विरघळणारी उलटीची गोळी लिहून देता का, हे विचारून घ्यावं.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा बहुतेक रुग्ण दम्याबद्दल, मधुमेहाबद्दल, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल सांगतात. गाडी लागते, हे सांगायचं कुणाला सुचत नाही. मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या, हे तर लाजेपोटी सांगितलं जात नाही. ती तक्रार नाही, ती वैद्यकीय माहिती आहे. ती आवर्जून द्या. सोबत एवढंच विचारा, ‘नंतर दुखण्यासाठी काय देणार आहात, आणि त्याने मळमळ होऊ नये म्हणून काय करणार आहात?’ चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नाचं स्वागतच करील. उलटी थांबवण्यापेक्षा ती न होऊ देणं नेहमीच सोपं असतं, आणि त्याची तयारी भूल चढण्याआधी करावी लागते.